अमावास्येची भरती पावणेसहाला

नाही मॅडम, पंचनाम्यात ‘यांत्रिक बिघाड’ नका लिहू, तसं नाहीये ते — आणि ‘निष्काळजीपणा’ तर अजिबात नका लिहू, म्हणजे येसाजी काकांच्या नावापुढे नका लिहू. कारणाचे दोनच रकाने आहेत का? तिसरा नाही काही? हां, ‘इतर’ आहे, पण त्याच्यापुढे जागा बघा केवढी, बोटभर, त्यात काय मावणार माझं? बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. तुमची दिघीची फेरीबोट चुकणार नाही, मी सोडतो ना मोटरसायकलवर आगरदांड्याला, दहा मिनिटं लागतात. फक्त एवढं ऐकून घ्या. सकाळपासून गावात फिरलात, सगळ्यांनी एकच सांगितलं असणार — उधाणाच्या दिवशी येसाजी बांधावर नव्हता, घरी जेवत बसला होता, आणि खाडी शेतात शिरली. सांगितलं ना? आणि काकांनीही तेच लिहून दिलंय. ‘मी उघाडीवर हजर नव्हतो, चूक माझी आहे.’ ती सही बघा जरा नीट. वेडीवाकडी आहे ना? डाव्या हाताची आहे ती. उजवा हात गळ्यात बांधलाय. तो का बांधलाय ते नाही सांगितलं कोणी तुम्हाला. नाहीच सांगणार.

तुम्ही या बाजूला नवीन आहात म्हणून सांगतो. हा बांध आहे म्हणून आपण इथे कोरड्यात बसलोय. बांधाच्या त्या अंगाला खाडी, या अंगाला भात — होतं. सत्तर एकर होतं. आणि मधे ही उघाडी, म्हणजे दार हो, लोखंडाचं. ओहोटी लागली की दार वर घ्यायचं, पावसाचं साठलेलं पाणी खाडीत सोडायचं; भरती यायच्या आत खाली टाकायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. एवढंच काम. पण वेळ चुकली की संपलं — खारं पाणी एकदा शिरलं की त्या साली भात नाहीच, पण पुढे दोन-तीन वर्षं जमीन रुसते. चाळीस वर्षं काका हे दार सांभाळतायत. येसाजी माझे सख्खे चुलते. घड्याळ नाही वापरत. त्यांचा हिशोब म्हणजे तिथीची पाऊणकी — जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ, आणि वर आमच्या खाडीचा अर्धा तास, कारण पाणी वळसा घालून येतं ना आतपर्यंत. अमावास्या म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणकी सव्वाअकरा, वर अर्धा तास, पावणेबारा. लहानपणी मला खांद्यावर घेऊन बांधावरून चालायचे आणि विचारायचे, “चतुर्थी हाय, सांग रं किती?” मी म्हणायचो तीन, वर अर्धा, साडेतीन! मग मुठीत भरून बोरं. म्हणजे मला येतं हो ते. मला येतं, हेच तर — असू दे, पुढे येईन मी त्याच्यावर.

हा डबा. हो, उघाडीच्या भिंतीवरचा, करडा. बंद आहे आता. मी केलाय तो. नवी मुंबईत अकरा वर्षं कंपनीत होतो, असेच डबे करायचो, कारखान्यांचे. कोविडनंतर घरूनच काम झालं, म्हटलं गावीच राहू. काकांचे गुडघे गेलेले. पावसात दिवसातून चार वेळा बांधावर यायचं, चाक फिरवून दार वर-खाली करायचं. मी म्हणालो, काका, मोटार बसवू, वेळा यंत्राला शिकवू, तुम्ही फक्त बघायचं. मोबाईलवर मुंबईच्या भरतीची वेळ मिळते, आमच्या खाडीच्या पोटातली कोण देणार? मग वर्षभर आम्ही दोघं इथे बसलो — ते तिथी सांगायचे, मी वही घेऊन पाणी खुणेला कधी लागतं ते लिहायचो. त्यातून एक यादी झाली. काकांचीच यादी ती, मी फक्त टाइप केली. फाइलचं नाव ‘भरती’. लक्षात ठेवा हं हे नाव. — काय? पाणी ओळखणारा तरंगता गोळा? होता ना मॅडम, बसवला होता, त्याला कालवं चिकटायची, अडकायचा. काढून टाकला. म्हटलं काका आहेत ना, गोळा कशाला.

मग देवळात सभा लावली. लोकांना दाखवायचं होतं. मी लाकडाचं एक छोटं दार केलं, त्याला बोर्ड जोडला — बोर्ड म्हणजे या डब्यातलं डोकं — नवीन प्रकारचा बोर्ड होता, महाग, नमुना दाखवायला आणलेला. आणि सभा ठरली ती नेमकी भर भरतीच्या वेळेला. आता खरी यादी घातली असती तर दार बंदच राहिलं असतं, नाही का? दीडशे माणसं बंद दाराकडे बघत बसली असती. मग मी काय केलं? ‘भरती’ फाइलची एक नक्कल केली, आणि तिच्यात सगळं सहा तास पुढे ढकललं. नुसतं दाखवायला हो! सभेत दार टुणकन वर गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांनी काकांना शाल-नारळ दिला. काकांच्या डोळ्यांत पाणी. ती नक्कल मी ‘नमुना’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकून दिली. नाव तेच राहिलं, ‘भरती’. पुसायला हवी होती. कोण पुसतं? टाळ्या वाजल्यावर कोण मागे जाऊन पुसत बसतं?

दोन पावसाळे सुरळीत गेले. या वर्षी भाद्रपदात खाऱ्या हवेनं जुना बोर्ड गंजला. चतुर्दशीच्या दुपारी बंद पडला — म्हणजे दुसऱ्या दिवशी अमावास्या, उधाण, आणि सर्वपित्री. मी म्हटलं, नवा बोर्ड घरात पडलाय, तो लावू. आता हे जरा किचकट आहे, पण समजेल तुम्हाला, मी सोपं करून सांगतो. आपण लिहिलेलं असतं ते माणसाला वाचता येईल असं; ते यंत्राच्या भाषेत करणारा एक असतो, कंपायलर. बोर्ड बदलला की यंत्राची भाषा बदलते, सगळं पुन्हा करून घ्यावं लागतं. आणि आपण त्याला वर लिहून दिलेलं असतं — आधी अमुक फाइल वाच, तमुक फाइल वाच, ‘भरती’ वाच. तो विचारतो, कुठे आहे? तर त्याला फोल्डरांची एक यादी द्यायची असते — आधी इथे शोध, मग तिथे, मग तिकडे. लॅपटॉपसाठी वेगळी यादी, जुन्या बोर्डाला वेगळी, नव्याला वेगळी. तुमच्या स्वयंपाकघरात असतात ना फळ्या, तसं. नव्या सुनेला सांगितलं, मिठाची बरणी काढ, वरच्या फळीपासून बघत ये. तिला वरच्याच फळीवर ‘मीठ’ लिहिलेली बरणी मिळाली, ती घेणार ती, खालच्या फळीवर कशाला बघेल? पण सून निदान चव बघेल हो. हा चवही बघत नाही. नाव जुळलं, काम झालं. दुसरी बरणी आहे का, कोणती खरी, एक शब्द विचारत नाही.

तर नव्या बोर्डाच्या स्वतःच्या काही फाइली त्याला सापडेनात. सारखी लाल अक्षरं — फाइल सापडत नाही, फाइल सापडत नाही. चार तास झाले. आई हाका मारतेय, उद्याचे वडे, खीर, घरात तांदूळ निवडायचाय, तू काय करतोयस? आणि मला आठवलं, सभेच्या वेळी याच बोर्डाच्या फाइली ‘नमुना’ फोल्डरमध्ये उतरवल्या होत्या. मग मी तो फोल्डर यादीत घातला. कुठे घातला? सगळ्यात वर. खाली घातला असता तरी चाललं असतं मॅडम! बोर्डाच्या फाइली त्याला तिथेही सापडल्याच असत्या! पण कंटाळलेला माणूस वरच लिहितो. लाल अक्षरं गेली. एकही राहिलं नाही. मी उठून आळोखेपिळोखे दिले, बोर्ड आणून या डब्यात बसवला, मोटार सकाळपासून चालू होईल अशी लावली — रात्रीची भरती काका हातानंच सांभाळणार होते — आणि घरी जाऊन तांदूळ निवडला. एक चूक दाखवली असती ना त्यानं, एकच ओळ — दोन ‘भरती’ आहेत रे बाबा, कुठली घेऊ? — पण नाही. त्याच्या दृष्टीनं सगळं बरोबर होतं.

लिहिलंत का काही? नाही? बरं केलंत. कारण अजून मी — म्हणजे आत्तापर्यंत जे सांगितलं ते एक झालं, ते कोणालाही होऊ शकतं, माझ्या कंपनीत माझ्यापेक्षा हुशार पोरांना झालंय. ते कारखान्यात कळतं, चाचणी असते, दुसरा माणूस तपासतो. इथे दुसरा माणूस कोण? होता मॅडम. इथेपण दुसरा माणूस होता. त्यानं तपासलं.

अमावास्येला सकाळी काका नेहमीसारखे बांधावर आले. डब्यावर ही काच आहे ना, तिच्यावर आकडे येतात, पुढची भरती किती वाजता ते. काकांना आकडे वाचता येतात. त्यांनी मला फोन केला. म्हणाले, “हर्षद, ह्ये पावनेसा दाखवतंय रं. अमावास्येला पावनेसा कसं व्हईल? पावनेबाराला पानी गळ्याशी यतंय.” मी तेव्हा — मी पूजेला बसणार होतो, ओला पंचा नेसून उभा, भटजींना पुढच्या घरी जायची घाई, आई हातवारे करतेय — मी नीट ऐकलंसुद्धा नाही हो. आणि ऐकायचं काय होतं त्यात? अमावास्येची भरती पावणेसहाला म्हटलं तर आमच्याकडे तिसरीतलं पोर हसेल. मी हसलो नाही. मी म्हणालो... मी म्हणालो, काका, यंत्र चुकत नाही, तुमचाच हिशोब चुकला असेल. वय झालं आता. घरी जा, काकूनं पान वाढलंय, पितरांना ताटकळत ठेवू नका.

‘वय झालं’ म्हणालो मी. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हालापण सांगायचं नव्हतं. मी फक्त फाइलीचं सांगणार होतो.

चाळीस वर्षांत उधाणाला त्या माणसानं बांध सोडला नाही मॅडम. सर्वपित्रीचं जेवणसुद्धा जनी काकू इथे घेऊन यायची, इथे, या दगडावर तो पान ठेवायचा, कावळ्याला इथेच हाक मारायचा. त्या दिवशी पहिल्यांदा घरी गेला. माझ्या शब्दावर गेला. गावात सगळेच घरी, बांधावर चिटपाखरू नाही. आणि बारा वाजायच्या सुमाराला, काका पानावर, पहिला घास हातात, आणि त्यांना मोटारीचा आवाज आला. घर ते समोरचं, आवाज जातो. यंत्राला वाटलं ओहोटी आहे, पाणी सोडूया. दार वर गेलं. पुरं वर. खाडी काठोकाठ उभी होती, ती आत आली. काका खरकट्या हातानं धावले. मोटार बंद करून हाताचं चाक फिरवायचं, तर पाण्याच्या दाबानं चाक फिरेना. पाऊण तास ते एकटे चाकाला लोंबकळत होते. दार बसलं खाली, पण खांदा निखळला. मी पोचलो तेव्हा ते पाण्यात बसले होते, आणि मला बघून पहिलं काय म्हणाले माहितीये? “तुज्या आईचं जेवान झालं का रं?”

संध्याकाळी गाव जमलं. भात पोटरीला आलेलं, दोन आठवड्यांत निसवलं असतं, लोंब्या बाहेर आल्या असत्या. बायका बांधावर बसून रडत होत्या. लोक म्हणाले, यंत्र असो नाहीतर काही असो, उधाणाला माणूस इथे पाहिजे, हा नियम आहे, येसाजी तू कुठे होतास? काका म्हणाले, जेवत होतो. का गेलास? गेलो. एवढंच. मी तिथे उभा होतो मॅडम, इथून त्या खांबाइतका लांब. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, बघितलं असतं तर लोकांना कळलं असतं ना. मला विचारलं कोणीतरी, तुझं यंत्र काय म्हणतं? मी म्हणालो तपासतोय. आणि खरंच तपासलं. रात्र नाही लागली, अर्ध्या तासात सापडलं. दोन ओळी, वरची खाली, खालची वर. बस. दोन ओळींची अदलाबदल केली, ‘नमुना’मधल्या त्या नकली ‘भरती’चा मागमूस पुसला, आणि — हो. पुसला. हो मॅडम, म्हणजे आता तुम्ही लॅपटॉप नेलात, मोठ्या इंजिनिअरला दाखवलात, तर तो म्हणेल सगळं बरोबर आहे. पुरावा मीच पुसलाय. घाबरून नाही पुसला. घाबरूनच पुसला. नोकरी या एका गोष्टीवर आहे माझी, असल्या फाइली बरोबर लावण्यावर. आता यंत्र अगदी बरोबर आहे, काकांच्याच यादीवर आहे, पण बटण दाबायची छाती होत नाही. दार हातानं करतो मी, दिवसातून चार वेळा. तळहात बघा.

पण ते जाऊ दे. काकांनी त्या दिवसापासून हिशोब बोलणं बंद केलंय. आधी सकाळी उठले की ओसरीवरून मोठ्यानं सांगायचे, आज द्वितीया, दीड आनि अर्धा, दोन! शेजारचे घड्याळं लावायचे त्यावर. आता काकू विचारते आज पाणी कधी, तर म्हणतात हर्षदला इचार. आणि कोजागिरीला नवं बांधतात आमच्याकडे, भाताच्या नव्या लोंब्या, प्रत्येक दाराला — पण पहिली जुडी या उघाडीला, आणि ती बांधायचा मान काकांचा. या वर्षी लोंबीच नाही. गाव म्हणतंय पुढच्या वर्षीपासून दुसरा माणूस नेमू, तुमचा कागद आला की. म्हणजे तुम्ही जो रकाना भराल त्याच्यावर आहे सगळं. म्हणून म्हणतो, ‘निष्काळजीपणा’ नका लिहू. लिहा की फाइल शोधायची वाट — नाही, ते कोणाला कळणार? तुमच्या साहेबांना कळेल? मी सरपंचांना एकदा आडून सांगून बघितलं, फोल्डरचा क्रम चुकला तर असं होऊ शकतं का, असं. ते म्हणाले, अरे फोल्डर काय दार उघडतो का? खरंय त्यांचं. फोल्डर दार नाही उघडत.

काय? मी लिहून देऊ? जे सांगितलं ते सगळं? आणि सही... म्हणजे मग काकांचा कागद रद्द होईल? होईल. नक्की ना? द्या मग. पेन तुमचंच द्या. ‘मी, खाली सही करणारा, हर्षद’ — इथवर ठीक आहे — ‘असे लिहून देतो की’ — की काय? कुठून सुरू करू? फाइलीपासून की फोनपासून? फाइलीचं लिहिलं तर तो अपघात होतो. फोनचं लिहिलं तर... फोनचंच लिहायला हवं ना? मॅडम, तुम्ही सांगा, तुम्ही असे कागद रोज बघता. नाही सांगता येणार. बरोबर, तुम्हाला कसं सांगता येईल. थांबा, लिहितो. ‘दिनांक अमुक रोजी सकाळी माझ्या चुलत्यांनी मला फोन करून विचारले —’

काका! तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हाचे? किटली द्या इकडे, सांडेल. मॅडम, चहा घ्या, काकूनं पाठवलाय. काही नाही काका, असंच, कागद आहे, त्यांना लागतो. नाही, वाचू नका, अजून पुरा — काका. काका, द्या तो. नाही, ऐका माझं, मीच म्हणालो होतो तुम्हाला घरी जा, मीच — हळू काय बोलू, मॅडमना सांगितलंय मी सगळं. बघा मॅडम. ऐकलंत काय म्हणतात? शिकल्याल्या पोराचं नाव असल्या कागदावर घालू नको, माजं काय, माजं झालं सगळं करून. घडी घालून खिशात ठेवला. एकच हात चालतो त्यांचा, आणि तरी मला तो कागद काढून घेता येत नाहीये.

तुम्ही निघा मॅडम. नाही, दुसरा कागद नको. आज नको. उद्या या, नाहीतर... तुम्हाला कुठे रोज यायला होतंय. भरा मग तुम्हाला जो भरायचा तो. चला, सोडतो, बोट — थांबा, पाणी बघायला हवं, ओहोटी खोल असली तर चढताना फळी फार उतरती होते. काका, आज पाणी कधी? मॅडमना सांगा ना. सहावी माळ आज, षष्ठी. सहाची पाऊणकी किती? मला येतंय हो, पण तुम्ही सांगा. सांगा की. साडेचार आणि — काका? वर किती?

तिकडे नका बघू काका. बंद आहे तो डबा. बंद आहे.